पळसफुलं वाळेपर्यंत बेल्यात

दरवर्षी होळीच्या आधी आदिलाबादजवळच्या बेल्याहून सुमनमावशीची पिशवी येते. आत वाळलेली पळसफुलं असतात. ती रात्रभर भिजवून त्या केशरी पाण्याने अंघोळ केली की ऊन बाधत नाही, असं आमच्या घरात मानतात. यंदा माझ्या लेकीची, मीराची, पहिली होळी आणि नेमकी यंदाच पिशवी नाही! फोन केला तर मावशी म्हणाली, "पाठवत नाही. पोरीले घेऊन ये." आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे ही मावशीच. शनिवारी पहाटे नवऱ्याने गाडी काढली.

हैदराबादहून हायवे झकास आहे, टोल तेवढे खिसा हलका करतात. नेरडीगोंड्याजवळ गरम इडली खाल्ली. तिथून पुढे दोन्ही बाजूंना पळस असा फुललेला की मीरा रडायची थांबली. हाताशी असावीत म्हणून आदिलाबादच्या बाजारात मी थोडी फुलं घेतलीच. "मोदुगा फूल, मॅडम, एकदम सूखा," विक्रेता पळसाचं तेलुगू नाव घेत म्हणाला आणि प्लास्टिकची पिशवी बांधून दिली.

बेल्याला पोचेपर्यंत पिशवीला आतून घाम फुटला होता. मावशीने हुंगून नाक मुरडलं. "ह्याले बुरशी धरून राह्यली. प्लास्टिकमंदी कोनी फुलं ठेवते का?"

"मग तुझी दे ना."

"माही कुठं हायेत? पहिल्या होळीची फुलं आपल्यात लेकराच्या हातानं वेचतेत. थांब आता वाळेपर्यंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, पळसाखाली गेलो. फुलं तोडायची नाहीत, रात्री गळलेली तेवढी उचलायची. मीराने पहिलं फूल वेचलं आणि थेट तोंडात घातलं. घरी येऊन फुलांचे देठ काढले, जुन्या धोतरावर सावलीत पातळ पसरली. उन्हात टाकली तर रंग उडतो. नवरा ऑफिससाठी परत गेला, मी रजा वाढवली.

मावशीचा मुलगा पुण्याला असतो. एवढ्या घरात ती एकटी. सकाळी भाकरी थापताना ती मीराशी सतत बोलायची, दुपारी तिला मांडीवर घेऊन स्वतःच डुलक्या काढायची. वांग्याची भाजी आणि ठेचा खाऊन मी सुस्तावले होते. मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं, हे खरं.

रोज संध्याकाळी मावशी एक फूल चिमटीत धरून दाबायची. वाळलेलं फूल कुरकुरतं, ओलं असेल तर लवतं. तिसऱ्या संध्याकाळी मला कुरकुर स्पष्ट ऐकू आली.

"अजून ओलीच हायेत," मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी एक फूल दाबलं. चुरा झाला. "हो, ओलीच आहेत," मी म्हटलं.

होळी तोंडावर आली तेव्हा कुठे फुलं 'वाळली'. सुती पिशवीत भरून, कडुलिंबाचा पाला घालून मावशीने दिली. तुम्ही आणलीत तर अशीच ठेवा, स्वयंपाकघराच्या वाफेपासून लांब. लहान मूल सोबत असेल तर आदिलाबादहून रेल्वे बरी पडते, आम्ही झोपूनच आलो.

घरी पिशवी उघडली तर निम्म्या फुलांची पूड झालेली. पाणी मात्र सुरेख रंगलं आणि मीराने बादलीत हात मारून सगळं न्हाणीघर केशरी केलं. नंतर मावशीचा फोन आला.

"फुलं कशी निघाली व?"

"मावशी, जराशी ओलीच राहिली गं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मंग पुढच्या साली जास्त दिवस काढून ये."