माणिकप्पांनी आखलेली सहल

नळदुर्गजवळ बोरी नदीवरच्या धरणाच्या पाण्यात, काठापासून दीडशे पावलांवर एक गोल, उंच खोली उभी आहे. तिथं जायला अरुंद लोखंडी पूल आहे. सगळे तिला जॅकवेल म्हणतात. सात गावांचं पाणी तिथल्या मोटारीनं चढतं, आणि ती मोटार एकोणीस वर्षं माणिकप्पा चालवतात. वीज गेली की मोटार बंद पडते. आली की माणसानंच ती चालू करायची. वीज कधी जाईल, कधी येईल याचा नेम नाही. त्यामुळं माणिकप्पांना तिथून हलता येत नाही. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नातूनही अक्षता पडताच ते न जेवता परतले होते.

वेळ जायला म्हणून ते पाखरं बघू लागले. कोणतं पाखरू किती वाजता कुठं उतरतं, काळविटं कोणत्या उतारानं पाण्यावर येतात, सगळं त्यांना पाठ झालं. नावं तेवढी ठाऊक नव्हती. लोहाऱ्याच्या शाळेत शिकवणाऱ्या अर्पिता मॅडम पाखरं मोजायला येऊ लागल्या, त्यांनी ती सांगितली. चित्रबलाक, चक्रवाक, पट्टकादंब.

गेल्या डिसेंबरात मॅडमनी ठरवलं, चार मित्रांना घेऊन दिवसभर वल्हवत धरणातून वर नदीपर्यंत जायचं. एकेका माणसाच्या होड्या सोलापूरहून भाड्यानं येणार होत्या. वाट आखायचं काम माणिकप्पांकडं आलं. नोंदवहीच्या मागच्या पानावर त्यांनी नकाशा काढला. सहाला निघायचं. उजवा काठ धरायचा, डावीकडं भोयांची मासे धरायची जाळी असतात. बाभळीच्या बेटाजवळ थांबायचं, पण उतरायचं नाही, बगळ्यांची घरटी आहेत. वारा सुटायच्या आत तिसरं वळण गाठायचं, कारण भोई सांगत, त्याच्या पलीकडं पाणमांजरं राहतात. जॅकवेलवरून ते वळण दिसत नाही.

नकाशा बघून मॅडम म्हणाल्या, "आप्पा, सहावी होडी तुमच्यासाठी सांगते."

त्याच संध्याकाळी माणिकप्पांनी शेजारच्या गावच्या टाकीवरच्या बलभीमला एका रविवारपुरतं थांबशील का म्हणून विचारलं. तो हो म्हणाला. दोनदा बोलावून त्याला मोटार शिकवली. बायकोनं, शिवलीलानं, स्वेटर धुऊन ठेवला आणि सहा जणांचे धपाटे केले.

रविवारी पहाटे बलभीमचा फोन आला. वडील न्हाणीत घसरून पडले होते, तो त्यांना घेऊन दवाखान्यात निघाला होता. त्याला काय बोलणार? दुसरा माणूस मागावा तर पाणीयोजनेच्या ठेकेदाराचा फोन बंद होता. मॅडम सहल पुढं ढकलायला तयार होत्या, पण माणिकप्पांनी ऐकलं नाही. धपाट्यांचा डबा त्यांनी दोरीनं खाली सोडला. सहावी होडी मॅडमनी पुलाच्या खांबाला बांधून ठेवली, बलभीम आला तर माणिकप्पांना मागून येता यावं म्हणून. पाच होड्या पुलाखालून गेल्या आणि पहिल्या वळणामागं दिसेनाशा झाल्या.

सव्वादहाला वीज गेली. उपकेंद्रात विचारलं तर विजेचा खांब पडलाय, दोन तास तरी लागतील असं कळलं. माणिकप्पा बराच वेळ पुलाला बांधलेल्या होडीकडं बघत राहिले. मग शिवलीलाला फोन करून म्हणाले, "घरात लाईट आली की लगीच सांग." आणि शिडीनं खाली उतरले.

काठच्या गावात वाढल्यामुळं वल्हं मारायचं हात विसरले नव्हते. इतकी वर्षं वरून बघितलेलं पाणी आता हाताला लागत होतं. दगडावरचं कासव घसरून बुडालं. चक्रवाकांची जोडी इतक्या जवळून उडाली की पंखांचा आवाज ऐकू आला. पहिलं वळण गेलं, दुसरं आलं. पुढं मॅडमची होडी दिसली; पाखरं मोजत सगळे सावकाश चालले होते. त्यांनी तोंडावर बोट ठेवून हातानंच खुणावलं, लवकर या.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"लाईट आली वो," शिवलीला म्हणाली.

वीज जाऊन पाऊण तासही झाला नव्हता. माणिकप्पांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. पाच मिनिटांनी काय बिघडणार होतं? पण टाक्या सकाळपासून अर्ध्याच होत्या, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी होडी वळवली. वारा लवकर सुटला होता आणि आता तोंडावर येत होता. मोटार चालू केली तेव्हा तासाभराचं पाणी चुकलं होतं. दोन सरपंचांचे फोन येऊन गेले होते. लाईनचा घोटाळा होता, असं त्यांनी सांगितलं. ते अर्धंच खरं होतं.

संध्याकाळी मॅडमनी मोबाईलवर दाखवलं: खडकावर तीन पाणमांजरं, एकमेकांना ढकलत. माणिकप्पांनी दोनदा बघितलं. "लई ग्वाड हायत," म्हणाले आणि बेटावर कुणी उतरलं नाही ना, ते विचारून घेतलं.

घरी शिवलीलानं विचारलं, "तिसरं वळण किती लांब ऱ्हायलं व्हतं?"

"हाकंवर," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नोकरीतला पहिला अर्ज लिहिला: महिन्यातून एक दिवस बदली माणूस मिळावा. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतल्या कारकुनानं शिक्का मारून तो गठ्ठ्यात ठेवला. मार्च लागला तरी उत्तर नाही. हिवाळ्यापुरते आलेले पट्टकादंब उत्तरेकडं निघालेत. माणिकप्पा खिडकीत उभे राहून थवे मोजतात, आणि मोटारीचा आवाज जरा बदलला की मोजणी सोडून आत येतात.