अकरा वाजता आलेल्या बाई

भुताखेतांच्या गोष्टी सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जातो, इतपतच माझा विश्वास. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते असं.

मी तेव्हा हडपसरला एका आयटी कंपनीत होतो, बायको ऑनसाइटला, परदेशात. कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये मी आणि आई. आईचा उजवा गुडघा बदलून चार आठवडे झाले होते, पण तो सत्तर अंशांपुढे वाकत नव्हता. फिजिओथेरपिस्ट मृणाल रोज अकराला यायची. तिने पायाला हात लावला की आई ओरडायची, "नको गं, टाके तुटतील!" टाके केव्हाच काढले होते. शेवटी सर्जन म्हणाले, "शनिवारपर्यंत नव्वद झाला नाही, तर भूल देऊन वाकवावा लागेल." आईचं हृदय आधीच नाजूक. पुन्हा भूल... माझी झोपच उडाली.

गुरुवारी सव्वाअकराला ऑफिसमधून घरी फोन केला. आईने उशाजवळचा कॉर्डलेस उचलला. धापा टाकत होती. मागून एका बाईंचा शांत, ठाम आवाज — "सात... आठ... श्वास सोडा. मी धरलंय."

"नंतर कर रे, बाई आल्यात," म्हणून आईने ठेवलाच.

दहा मिनिटांत माझा मोबाईल वाजला. मृणाल.

"सर, सॉरी, स्कूटर घसरली. आज नाही येता आलं."

"मग आईकडे कोणाला पाठवलंस?"

"मी? कोणालाच नाही. तुमची किल्ली माझ्याकडेच आहे, सर."

दाराला लॅच, किल्ल्या दोनच — एक मृणालकडे, दुसरी माझ्या खिशात. घरी फोन लावला — एंगेज. पुन्हा एंगेज. बाइकवर घर कसं गाठलं आठवत नाही. प्रत्येक सिग्नलला एकच विचार... घरात कोण आहे, आणि आईच्या पायाचं काय करतंय?

लॅच बंदच होतं. आत आई एकटी, खुर्चीत; कॉर्डलेस पलंगावर, नीट बंद न करताच टाकलेला. घामाने निथळत होती, पण उजवी टाच चक्क खुर्चीखाली गेलेली.

"कोण आलं होतं?"

"फिजिओच्या बाई. पन्नाशीच्या असतील, सुती साडीतल्या. दुखेल म्हणाल्या, आणि दुखलंच."

"दार कोणी उघडलं?"

आई गोंधळली. "माझा डोळा लागला होता. जाग आली तेव्हा त्या शेजारी बसल्याच होत्या."

बाल्कनीला ग्रिल, खिडक्या बंद. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "अहो, कोणी आलेलं नाही. रजिस्टर आहे, वाचता येत असेल तर बघा."

संध्याकाळी मृणाल हाताला बँडेज बांधून आली. मोजलं — पंच्याण्णव. तिने पुन्हा मोजलं. "सर, हे एका दिवसात होत नाही," एवढंच म्हणाली. शनिवारी सर्जननी भूल द्यायचं रद्द केलं.

आईला भास झाला म्हणावं, तर फोनवर तो आवाज मी स्वतः ऐकलाय.

एकदा मी आईला विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"कशाची?" ती म्हणाली. "किती दिवसांनी कोणीतरी घड्याळ न बघता माझ्याजवळ बसलं होतं."