फुगा आणि पापडखार

आईचं दिवसकार्य आटोपून मी पारोळ्याहून धुळ्याला परतत होते. एसटीत शेजारी साठीच्या एक बाई बसल्या होत्या. मोबाइलवर त्या मुलांसाठीचा विज्ञानाचा व्हिडिओ पाहत होत्या. बाटलीत व्हिनेगर, फुग्यात सोडा. दोन्ही एकत्र झाले की फुगा आपोआप फुगतो. नातीच्या शिक्षिकेनं तो पाठवला होता आणि उद्या शाळेत आजी-आजोबांनी तो प्रयोग करून दाखवायचा होता.

"नात सांगस, आजी, तू फजिती करशी," त्या मला म्हणाल्या.

म्हणून बसमध्येच त्या सराव करून पाहणार होत्या. सामान घरातलंच होतं: सोड्याऐवजी पापडखार, व्हिनेगरऐवजी ताक. त्यांनी पापडखार भरलेला फुगा बाटलीच्या तोंडाला बसवला आणि वर उचलून झटकला. थोडा फेस आला, पण फुगा लोंबतच राहिला. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

मला बस लागते, म्हणून हुंगायला माझ्याजवळ लिंबं होती. "ताक आंबट नसेल पुरेसं," म्हणत मी ती पुढे केली. त्यांनी ताक खिडकीबाहेर ओतलं, लिंबं दातांनी फोडून बाटलीत पिळली आणि फुग्यात पुन्हा पापडखार भरला.

या वेळी फुगा उठला, गुलाबी, टम्म.

"उठना! उठना!" त्या ओरडल्या.

कंडक्टर वळला. "आक्का, ह्या फुगानं तिकीट?"

"शाळामा चालना तो, अर्धं फाड!"

अख्खी बस हसली. मीही हसले, कितीतरी दिवसांनी.

धुळ्याला उतरताना त्यांनी बाटली डोक्यावर उंच धरली होती आणि दारातली गर्दी आपोआप बाजूला सरकली.