शिंगांचा तांबडा रंग

काल गोठ्याच्या दाराला ऑइलपेंट दिला, पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावायचो तोच तांबडा, आणि त्या वासासरशी मला जर्मनीतली ती थंडगार खोली आठवली. कॉलेजच्या विद्यार्थी-अदलाबदलीत मी तिथल्या एका मुलीच्या खोलीत राहायला गेले होते आणि ती आमच्या गावी, डिंगोऱ्याच्या घरी. शहर इतकं गप्प, की ट्रामसुद्धा दबकत यायची. उशीलाही तिच्याच साबणाचा वास. पोळ्याला मी घरी फोन लावला. आमचा बैल मारका, माझ्याशिवाय कुणाला शिंगांना हात लावू देत नसे. "औंदा शिंगं तशीच राह्यली आसतील ना?" मी मोठ्या आशेनं विचारलं. आई म्हणाली, "न्हाई गं, तिनंच रंगवली. हाललासुदिक न्हाई बघ. लई गुणाची पोर!" फोन आपटला आणि तिचं मांजर ओढून मांडीवर घेतलं. ते अंग सोडवून उठलं आणि तिच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसलं. आता गोठ्यात ट्रॅक्टर उभा असतो. त्या बैलाचा घरात एकच फोटो आहे, आणि त्यात त्याच्या गळ्यात हात टाकून ती उभी आहे.