सरकारची सावड

कल्याणला आगगाडी जाऊ लागून बरीच वर्षं लोटली होती, पण आमच्या बाळकुमच्या मागच्या डोंगरात साधी बैलगाडी शिरत नव्हती. सरकारने तिथून रस्ता काढायचं ठरवलं आणि माझ्या नवऱ्याला त्यावर मुकादम नेमलं. रस्ता वारल्यांच्या एका पाड्यातून जायचा होता. काम त्यांच्याच हातून करून घ्या, असा गोऱ्या साहेबाचा हुकूम होता.

हुकूम चांगला होता. अडचण एवढीच, की टोपीवाला दिसला की पाडा ओस पडायचा. चुली पेटलेल्या, कोंबड्या फिरताहेत आणि माणूस एक नाही. वेठीला धरून नेतील ही भीती. त्या लोकांनी सरकार पाहिलं होतं ते ओझं डोक्यावर घेऊनच.

पुष्कळ खेपा झाल्यावर एकदा पाड्याचा म्हातारा कारभारी तेवढा जागेवर बसून राहिला. पुढचं बोलणं नवऱ्याने घरी इतक्यांदा सांगितलं, की मला पाठ आहे.

“वेठ नाही रे बाबा, मजुरी मिळेल.”

“मजुरी आमच्या हाती येयाच्या आधी पाटलाच्या कनवटीला जाते.”

“मग कसे याल?”

“सावडीनं. आमी तुमच्या रस्त्यावर राबू. लावणीला तुमी आमच्या शेतात या.”

सावड आमच्याकडेही चालते. आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. पण ती माणसामाणसांत. सरकारशी सावड करायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नसतं.

साहेबाला हे सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला आणि म्हणाला, कबूल. तो स्वतः पाड्यावर गेला. मोहाच्या दारूचा द्रोण हाती घेऊन, म्हाताऱ्याने केलं तसं त्यानेही थोडे थेंब भुईवर सोडले, आणि उरलेली पिऊन बराच वेळ खोकला. माझ्या नवऱ्याला त्यात गंमत वाटली नाही. भुईला थेंब सोडले म्हणजे शब्द बांधला गेला, हे त्याला ठाऊक होतं.

हिवाळा आणि उन्हाळा पाडा रस्त्यावर राबला. भाकरी घेऊन मी अधूनमधून जायची. खडीच्या पाट्या वाहणाऱ्या बाया मला गाठायच्या.

“मुकादमीण, तुझं सरकार भात लावल, का नुसती टोपी चिखलात रोवल?”

“टोपीला कोंब फुटले तर तुम्हालाच देऊ,” मी म्हणायची.

पाऊस लागला, काम बंद झालं, साहेब पुण्याला गेला. मग एका सकाळी डोक्यावर इरलं घेतलेला कारभारी आमच्या दारात उभा.

“आवण तयार हाय, रोपं हातभर झाली. सरकार कवा येतं?”

नवरा ठाण्याच्या कचेरीत जाऊन आला. तिथला कारकून त्याला म्हणाला होता, “अहो, सरकार कधी चिखलात उतरतं का? लोक हसतील तुम्हाला.”

हसण्यासारखी गोष्ट नव्हती. दर उन्हाळ्यात हा पाडा शेजारच्या पाड्यांच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, डहाळ्या तोडायला, बांध घालायला जाई आणि लावणीला ते यांच्याकडे येत. या साली सगळे हात रस्त्याला गेलेले, तेव्हा येणारं कुणी नव्हतं. एकट्या पाड्याने निम्मंच शिवार लागलं असतं. आणि आवण काही माणसांसाठी थांबत नाही. निबर होऊन त्याला गाठी आल्या, की लावूनही दाणा भरत नाही. म्हणजे निम्मं वर्ष कंदमुळांवर.

आम्ही किरिस्तांव. रविवारी पाद्रीबाबाची मिस्सा संपल्यावर मी देवळाच्या अंगणात वाडीतल्या बायांना गोळा केलं. पहिली उसळली ती माझी जाऊ.

“अगो, आपलीच अर्धी लावणी राहिलीय आणि तू वारल्यांच्या चिखलात वाकणार?”

“घरात पगार सरकारचा येतो. तेव्हा घरातले हातही सरकारचेच.”

“तुझ्या घरात येतो गो बाय, माझ्या नाही!”

हे खरं होतं. मी कबूल केलं, की परतल्यावर आधी तिचं शेत लावू, मग माझं. ती कुरकुरत निघाली. ती निघाली म्हटल्यावर बाकीच्याही निघाल्या.

पाड्यावर आमचं स्वागत काही हारतुऱ्यांनी झालं नाही.

“सरकार, कंबर दुखते काय?”

“सरकारची ओळ वाकडी चालली!”

जावेने चिखलातून मान वर केली. “साहेबाने आखलेली ओळ आहे ही. हिंमत असेल तर मोजून घे!”

दुपारी त्यांनी नाचणीची भाकरी आणि खेकड्यांचा रस्सा वाढला. वारल्यांच्या हातचं खायचं का, हा प्रश्न जावेने वाटेत काढला होता. रस्सा तिनेच सगळ्यांत जास्त ओरपला.

शिवार पुरं लागलं. निघताना मी कारभाऱ्याला म्हणाले, “चला, सरकारचं फिटलं.”

त्याने मान हलवली. “सरकार कुठं आलं? त्याचे दिस राहिले.”

“मग आम्ही कोण?”

“तुमी बाळकुमच्या बाया. तुमचे दिस तुमचे.”

मला राग आला. नवऱ्याचा शब्द राखायला आले होते आणि म्हातारा तो मोकळा करत नव्हता. पण लगेच त्याच आठवड्यात पाडा नव्या रस्त्याने खाली उतरला, आमच्या वाफ्यांत वाकला आणि आमची लावणी पुरी करून गेला. जावेचं शेत आधी, मग माझं.

दिवाळीनंतर साहेब परतला. त्याला रस्त्याचा पुढचा तुकडा करायचा होता. कारभारी म्हणाला, “आधी मागचे दिस.” साहेब पुन्हा हसला, मग चिडला, मग त्याने घाटावरून मजूर आणले. रस्ता पुरा झाला. वारली कामचुकार असतात, असं कचेरीत अजून सांगतात. मला वाटतं, सरकारचा शब्द खरा मानणारी माणसं कचेरीने तोवर पाहिली नव्हती.

पावसात तो रस्ता खचतो. नवरा गडी घेऊन दुरुस्तीला जातो, तेव्हा पाड्यातली माणसं जवळ येऊन बसतात, पाणी देतात, घरची चौकशी करतात. दगडाला हात लावत नाहीत. तोही त्यांना लावायला सांगत नाही.

आमची सावड मात्र चालू आहे. यंदा दोन्हीकडचं आवण एकदमच तयार झालं आणि आधी कुणाचं लावायचं, यावरून माझी जाऊ आणि पाड्यातल्या बाया रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून भांडल्या. मागे एक गाडीवान खोळंबला होता, त्यालाही दोन्हीकडून ऐकावं लागलं. शेवटी त्यांचं आधी लावलं. त्यांची शेतं उतारावर आहेत, पाणी लवकर निसटतं.