अक्काने खोडलेले तास

सिंधूअक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा धुळ्याजवळच्या आमच्या साइटवर स्लॅबचं काँक्रीट चालू होतं. ऑफिसातल्या फोनवर दाजींचा आवाज मला ओळखूच येईना. "रमेश, सिंधू गेली रे..." एवढंच ते म्हणाले आणि पुढचं एका शेजाऱ्याने सांगितलं. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आतच सगळं संपलं होतं. मी बाहेर येऊन मुकादमाला सांगितलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि खालच्या आवाजात विचारलं, "साहेब, काम बंद करू का?" अर्ध्यावर आलेला स्लॅब सोडता येत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. शेवटची पाटी पडेपर्यंत मी तिथेच थांबलो आणि मग एसटी धरली. जळगावला मेहरूणच्या घरी पोचलो तेव्हा लोक स्मशानातून परतून अंगणात पायावर पाणी घेत होते. "तिने पण हेच केलं असतं," असं त्या दिवशी मला अनेकांनी सांगितलं. खरंही असेल. पण ज्या बाईमुळे मी या व्यवसायात ताठ उभा आहे, तिला खांदा द्यायला मी नव्हतो. महिना उलटून गेला तरी ही गोष्ट मला सोडत नाही, म्हणून आज लिहायला बसलो आहे.

अक्का माझी चुलत बहीण, माझ्याहून बरीच मोठी. जळगावात स्थापत्यचा डिप्लोमा केला तेव्हा वर्गात एकटी मुलगी. लग्न होऊन जळगावजवळच्या असोद्याच्या केळीवाल्या शेतकरी घरात गेली. दाजी जळगावात शिक्षक, म्हणून बिऱ्हाड मेहरूणला. एका ठेकेदाराच्या कंपनीत तिला नोकरी लागली तेव्हा असोद्यात कुजबुज झाली, पण तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, ती एका वाक्यात मिटवली. "घरात बठ्ठे केळीच मोजतात. एखादी सिमेंट मोजीन तर काय बिघडलं?" पुढे त्याच कंपनीत तिने मलाही चिकटवलं. तिचं काम नियोजनाचं. कशानंतर काय करायचं ते आधी ठरवायचं आणि दर शनिवारी खरोखर किती झालं ते पाहायचं. यातला दुसरा भाग आमच्याकडे कोणी करत नसे. मुकादमाने सांगावं, आपण लिहावं, साहेबाने सही करावी, अशी पद्धत. धुळ्याकडचा आमचा मुकादम दर शनिवारी सगळं झाल्याचं ठरलेलं वाक्य टाकायचा, "अक्का, बठ्ठं काम व्हयी गयं. फक्त थोडंसं बाकी शे." अक्का हसायची. "बठ्ठं झालं की थोडं बाकी आहे? दोन्हीतलं एक सांग बाबा." आणि पदर खोचून शिडी चढायला लागायची. वर जाऊन डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच ती लिहायची. सुरुवातीला मला याची लाजच वाटायची... आपली बहीण गवंड्यांच्या मागे शिड्या चढते म्हणून.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या एका संस्थेने प्रकल्प व्यवस्थापनाची परीक्षा सुरू केली. आम्ही दोघांनी ती दिली आणि दोघंही पास झालो. प्रमाणपत्राला मी त्याच आठवड्यात काच लावून घेतली. ते फक्त तीन वर्षांसाठी आहे, हे मी वाचलंच नव्हतं. पुढे ते चालू ठेवायचं तर दर तीन वर्षांत ठरावीक अभ्यासतास भरायचे, व्याख्यानं ऐकायची, शिबिरांना जायचं आणि त्याची नोंद पाठवायची. मुंबईच्या माणसाला हे सोपं. ऑफिस सुटल्यावर व्याख्यान ऐकायचं, चहा-बिस्किट घ्यायचं, चिठ्ठीवर शिक्का मारून घरी. जळगावात या विषयावर बोलणार कोण आणि ऐकणार कोण? "भजनाचे तास चालतात का विचार त्यांना," असं मी अक्काला म्हणालो आणि प्रश्न तिथेच सोडून दिला. माझं प्रमाणपत्र पहिल्याच फेरीत बाद झालं. काचेतला कागद मात्र भिंतीवर तसाच होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. अक्काने नियमांची पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. दुसऱ्याला शिकवलं तर तेही तास धरतात, असं तिला त्यात सापडलं. शिकणारे इंजिनिअरच असले पाहिजेत, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तिने असोद्याच्या शाळेत रविवारचा वर्ग सुरू केला. पहिल्यांदा लोक आले ते आबांचा शब्द मोडवेना म्हणून. मी गेलो ती गंमत बघायला. अक्काने फळ्यावर एक ओळ लिहिली, 'केळी केव्हा कापायची?' मागून कोणीतरी म्हणालं, "माल तयार झाला म्हंजे." अक्काने मान हलवली. "स्टेशनातून केळीची वॅगन केव्हा सुटते ते आधी सांगा." मग ती फळ्याच्या उजव्या टोकापासून मागे मागे येत गेली. वॅगन सुटायची वेळ, त्याआधी भरणी, त्याआधी ट्रक, त्याआधी खाली अंथरायची पानं, त्याआधी मजूर सांगून ठेवणं. एकेका कामातून बाण निघत होते आणि त्यातली एक वाट तिने लाल खडूने ठळक केली. "या वाटेवरचं एक काम उशिरा झालं की सगळी वॅगन चुकते. बाकीच्या कामांना थोडी सवड आहे, हिला नाही." गल्लीतल्या कमलकाकू पुढेच बसल्या होत्या. त्या ताडकन म्हणाल्या, "मंग आमच्या ह्यायले हे आधी शिकव माय. लग्नाले निघतात अन् पंगत उठल्यावर पोचतात." मागच्या बाकावरून काकांचा आवाज आला, "पंगत कुठी उठते माह्याशिवाय!" सगळा वर्ग हसला आणि अक्का काकांच्या लग्नाला निघण्याचे बाण काढायला लागली. परीक्षेच्या वेळी मी जे नुसतं घोकलं होतं, ते त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर चालत होतं. मी गंमत बघायला आलो होतो, हे विसरून गेलो.

अशा वर्गांवर तिचं प्रमाणपत्र एकदा नवं झालं. दुसऱ्या फेरीला मात्र कसोटी लागली. आमच्या मालकांना धुळ्याजवळच्या पाणीपुरवठ्याचं मोठं काम मिळालं. त्यात नियोजन पाहणाऱ्याकडे चालू प्रमाणपत्र हवं, अशी अट होती. अक्काने इतक्या वर्षांत केलेल्या कामाचं फळ म्हणजे ती जागा. पण मालकांचा पुतण्या पुण्याहून तेच प्रमाणपत्र घेऊन नुकताच परतला होता. मालकांनी लपवाछपवी केली नाही. "सिंधूताई, मुदतीच्या आत तुमचं नूतनीकरण झालं तर जागा तुमची. नाहीतर पुतण्याला बसवावं लागेल, मला घरात तोंड दाखवायचंय," म्हणाले. अक्काचे थोडेच तास कमी पडत होते. पण संस्थेत कोणीतरी या खेड्यातल्या वर्गाबद्दल शंका काढली होती. त्यांनी कळवलं, शेवटचा दिवसभराचा वर्ग आमचे निरीक्षक स्वतः येऊन पाहतील आणि त्यांनी लिहिलेले तास धरले जातील. मुदत तोंडावर आलेली. दुसऱ्या वर्गाला वेळच नव्हता.

ते दिवस थंडीचे. मुंबईचा साहेब आपल्या सूनबाईला तपासायला येतोय, एवढंच गावाला कळलं आणि गावाने त्याला सुचेल तेच केलं. थंडीत असोद्याला आलेला पाहुणा भरीत खाल्ल्याशिवाय जाऊ शकतो, हे तिथे कोणाच्या डोक्यातच येत नाही. मी निरीक्षकांना जळगाव स्टेशनवरून जीपने घेऊन आलो तर गावकऱ्यांनी जीप शाळेकडे जाऊच दिली नाही, सरळ आबांच्या मळ्याकडे वळवली. तिथे कपाशीच्या काड्यांचा जाळ पेटलेला, त्यात हिरवीगार लांबट वांगी भाजत होती, एकीकडे लाकडी उखळात मिरच्या-लसूण ठेचणं चालू, दुसरीकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापणाऱ्या बायकांची रांग. अक्काने शाळेतला फळा आणवून तिथल्याच कडुलिंबाच्या झाडाला टांगून ठेवला होता. खडू हातात घेऊन ती उभी होती.

"साहेब, आधी दोन घास. शिकवणं कुठी पळून चाललं?" आबा म्हणाले. दोन घासांवर आणखी भाकरी वाढल्या गेल्या. मग नारळ आणि शाल. मग गावच्या पुढाऱ्याचं भाषण, त्यात अक्काची एवढी स्तुती की ती खाली बघत राहिली. मग आबांना केळीचा बाग दाखवायचा होता. मग चहा. मधूनमधून अक्का पुढे येऊन म्हणे, "सुरू करू या का?" आणि दर वेळी कोणीतरी म्हणे, "करू ना माय, साहेबाले हात तर धुवू दे." मीही त्यात होतो. "बसू दे गं, साहेब खूश आहेत," असं मीच तिला दोनदा म्हणालो आणि आणखी एक वांगं पानात घेतलं. ऊन कलायला लागलं, गाडीची वेळ झाली. निरीक्षक उठले, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला, पेन उघडलं. माणूस सज्जन होता. "बाई, मी समजायचं ते समजलो. पूर्ण दिवस लिहितो." त्यांनी आकडा लिहिला. आबांचा चेहरा फुलला. मी जीपचं दार उघडायला वळलो.

अक्का पुढे आली. "साहेब, आज तास झाले नाहीत."

"अहो, एवढ्या लोकांचं जेवण वेळेवर झालं. हे नियोजनच नाही का?"

"ते आबांचं. मी काहीच शिकवलं नाही." तिने त्यांच्या हातातून पेन मागून घेतलं, आकडा खोडला आणि शेजारी सही केली. मी तिला बाजूला ओढलं. "वेड लागलं का तुला? धुळ्याची जागा जाईल!" ती माझ्याकडे बघून हसली, तेच शनिवारचं हसणं. "रम्या, मुकादम बठ्ठं झालं म्हणतो तेव्हा मी शिडी चढते. मग माझ्या कामाला शिडी कोणी लावायची?" इतक्या वर्षांनीही त्या क्षणाबद्दल लिहिताना मला तिच्याजवळ उभं राहायची भीती वाटते... डोंगराच्या पायथ्याशी वाटते तशी.

आबांना सगळं उशिरा उमगलं. बैलगाडीच्या जुवाला धरून ते खाली बसले. "मले कोनी सांगतलंच नाही वं... आमी खाऊ घालता घालता तुह्या दिवसाचं पानी केलं." अक्का त्यांच्याजवळ बसली. "आबा, भरीत मात्र झकास झालं होतं," म्हणाली. म्हातारा रडता रडता हसला.

प्रमाणपत्र बाद झालं. धुळ्याच्या जागेवर पुतण्या बसला आणि अक्का त्याच साइटवर त्याच्या हाताखाली पत्र्याच्या शेडमध्ये बसू लागली. एक दिवसही तिने तोंड वाकडं केलं नाही. पुढची पूर्ण परीक्षा तिने पुन्हा दिली, तिच्या मुलांच्या वयाच्या पोरांत बसून. शेजारच्या बाकावर मी होतो. भिंतीवरची काच मी त्याआधीच उतरवली होती, कोणी न सांगता. पुढच्या कामाला मालकांनी स्वतः येऊन तिचं नाव घातलं.

असोद्याचा वर्ग मात्र तेव्हापासून एकदाही चुकला नाही. पुढच्याच रविवारी अक्काने तो बुडालेला वर्ग घेतला, त्याचे तास कुठेच धरले जाणार नव्हते तरी. त्या दिवशी आबा शाळेच्या दारात काठी आडवी धरून बसले आणि त्यांनी गावाला सांगितलं, "आधी तास. मंग खानं." तो नियम झाला.

गेल्या रविवारी मी असोद्याला गेलो. वर्ग आता बंद झाला, हे सांगायला कोणीतरी जायला हवं होतं. पण शाळेत पोचलो तर बाकं भरलेली. पुढे कमलकाकू. फळा स्वच्छ पुसलेला. फार थकलेले आबा दारात खुर्चीवर. "कशाला बसलात सगळे?" मी विचारलं. काकू म्हणाल्या, "कशाले म्हंजे? रविवार हाये ना." मी खडू घेतला आणि साइटवरच्या स्लॅबचं काम कसं ठरवलं होतं, ते सांगू लागलो. बोलता बोलता निरोप आला तिथवर पोचलो. अर्ध्यातच थांबलो. "आज एवढंच," म्हटलं. बाहेरून भाजल्या वांग्यांचा वास येत होता. लोक उठतील असं वाटलं. कोणी उठलं नाही. आबांनी मान वळवून भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे.

"तास अजून नाही झाला," ते म्हणाले.

मी पुन्हा फळ्याकडे वळलो.