कातडीनं पाणी पिणारा

शहराला पाणी पुरवणाऱ्या टाक्यांवर ती बावीस वर्षं कामाला होती. सकाळी आल्या आल्या पहिलं काम ठरलेलं: हौदात पडलेले बेडूक उचलायचे आणि कुंपणापलीकडच्या ओल्या गवतात सोडायचे. जाळीत त्यांचे पाय अडकून मोडतात, म्हणून ती हातांनीच उचलायची. कामावर सगळे तिला बेडूकमावशी म्हणत, आणि मावशीनं चहा केला की नेमका प्रत्येकाचा चहा आधीच झालेला असे.

"बेडकाला हात लावला की चामखिळी उठतात," हे ज्याच्या त्याच्या तोंडी. मावशीच्या हातावर बावीस वर्षांत एक उठली नाही. उठल्या त्या सुनेच्या बोटांवर. सून केस कापायच्या दुकानात कामाला. एकीच्या तीन झाल्या, तसं तिनं खापर सासूवर फोडलं.

"आई, बोलणार नव्हते मी, पण हे तुमच्याच हातून घरात आलंय."

लोकांचं बोलणं मावशीनं नेहमी हसण्यावारी नेलं होतं, हे मात्र जिव्हारी लागलं. तिनं सुनेच्या ताटवाटीला हात लावायचं सोडलं. चार दिवसांनी सुनेलाच ते बघवेना. ती सासूला घेऊन कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाईंनी भिंगातून सुनेची बोटं पाहिली, मग मावशीचे हात उलटसुलट करून पाहिले. "चामखीळ विषाणूमुळे होते, आणि तो माणसाकडूनच माणसाला लागतो. बेडकाच्या अंगावरचे फोड म्हणजे त्याच्या ग्रंथी. त्यातला चीक डोळ्यांत गेला तर झोंबतो, म्हणून नंतर हात धुवायचे." सुनेला औषध लिहून देता देता त्या मावशीला म्हणाल्या, "खरं तर भ्यायचं बेडकानं. तो तोंडानं पाणी पीत नाही, कातडीनं पितो. श्वाससुद्धा थोडाफार तिच्यातूनच घेतो. तुमच्या हाताला साबण असेल, तेल असेल, ते त्याच्या अंगात उतरतं."

मावशी आपल्या तळव्यांकडे बघतच राहिली. इतकी वर्षं इतके जीव या हातांवर बसून गेले, आणि हाताला जे होतं ते पिऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सून तिच्याबरोबर टाकीवर आली. मावशीनं नुसत्या पाण्यानं हात खळखळून धुतले, ओलेच ठेवले आणि हौदाकडे वळली. पायरीवर एक मोठा बेडूक पाठ फुगवून बसला होता. उचलायला वाकली आणि थबकली. त्याच्या पाठीवरची कातडी मधोमध उकलत होती. सदरा काढावा तसा तो ती पायांनी पुढं ओढत होता. ओल्या कागदासारखी पातळ कातडी डोक्यावरून तोंडाशी आली, आणि डोळे मिटून मिटून त्यानं ती गिळून टाकली. आतून नवं, चकचकीत अंग निघालं.

सून पायरीवरच बसली. "आई, खाल्ली त्यानं."

"बावीस वर्षं इथंच आहे मी," मावशी हळूच म्हणाली, "पण हे आज पाहिलं."

सुनेच्या चामखिळी जायला पुढं तीन महिने लागले. त्या सकाळी मात्र दोघींना कसलीच घाई नव्हती. बेडूक आपल्या पायांनी गवतात जाईपर्यंत त्या तिथंच बसून राहिल्या.